हकीकत फौजी ट्रक पुन्हा उभा केल्याची, मुक्काम पिपरी मेघे

समस्त पिपरी मेघे, आळीतील थोर, लहान, भाडेकरू व घरमालक यांचे सेवेसी विदित व्हावे की, गृहस्वामिनी आनंदाबाईसाहेब यांनी आज्ञा केली, जे ट्रकाची हकीकत जैसी घडली तैसी लिहावी, पदरचे घालू नये, आणि लिहून होताच आधी आम्हांस दाखवावी. त्याजवरून हे लिहिणे. लिहिणार पुंडलिकराव, निवृत्त वरिष्ठ लिपिक, आणि ज्यांचे पराक्रम लिहावयाचे तेही तेच. आपली थोरवी दुसऱ्याने लिहावी हा रिवाज खरा, परंतु दुसरा कोणी पुढे आला नाही, सबब निरुपाय.

तो मजकूर ऐसा की, अडतीस वर्षे आवक-जावक टेबलाची सुभेदारी करून पुंडलिकराव निवृत्त जाहले आणि हातांस उद्योग नुरला. मग वर्धा मुक्कामी एका कबाड्याचे आवारात फौजेतून निकाली निघालेला ट्रक त्यांनी पाहिला आणि चित्त त्यावरी जडले. चाकांपैकी एक फिरे, बाकीची निमूट उभी. टपावरी गवत, इंजिनात मुंगसाचे बिऱ्हाड. मग क्रेन लावून तो अंगणात आणिला. गाडी उभी राहण्याआधी तिचे कागद उभे राहिले, कारण कागदांत पुंडलिकरावांचा हात धरणारा या प्रांती कोणी नाही. आणि त्याच भरात त्यांनी जयंती समितीचे अध्यक्ष निकेश यांस भर सभेत वचन दिधले की, येत्या दो वर्षांत ट्रक सांगाड्यापासून नवा करू, आणि मग चौदा एप्रिलास बाबासाहेबांच्या प्रतिमेचा रथ भाड्याच्या ट्रॅक्टरावर नव्हे, या फौजी ट्रकावर निघेल. टाळ्या बहुत पडल्या.

ते समयी आनंदाबाईंचे वडील बंधू महादेवराव सिंदी (रेल्वे) येथून ट्रक पाहण्यास आले. बावीस वर्षे फौजेत हेच ट्रक बर्फातून आणि वाळूतून हाकिलेले गृहस्थ. त्यांनी बॉनेटवर हात ठेविला आणि म्हणाले, "जवाईबापू, खोलता तं खोला, पण जे जिथून काढसान तिथं खडूनं निशाण करत जा. नाई तं जोडतानी रडसान."

पुंडलिकरावांस क्रोध आला. ज्यांनी जिल्ह्याची टपाले नोंदली, त्यांस खडू शिकविणार? त्यांनी चारचौघांदेखत फर्माविले, "गाडी हाकनं ड्रायव्हरचं काम. नोंदी कशा ठेवाच्या ते आमाले नका शिकवू." महादेवराव अर्धा चहा टाकून उठले, ते दोन वर्षे फिरकले नाहीत, ना बुद्धपौर्णिमेच्या खिरीस, ना भाची काजल पदवीधर जाहली तेव्हा पेढा खावयास. आनंदाबाईंचे माहेर म्हणजे तो एकच भाऊ. ट्रक तर मोडका होताच, माहेर मात्र पुंडलिकरावांनी स्वहस्ते मोडिले.

मग खोलण्याची मोहीम सुरू जाहली, आणि जो जिन्नस निघे त्यास आवक क्रमांक, दिनांक, वर्णन व शेरा देऊन गोणीत दाखल केले. एक हजार तीनशे बारा नोंदी जाहल्या, पैकी चारशेंवर जिन्नसांचे वर्णन 'लोखंडी, गोल, लहान' ऐसे. आणि 'कोणाकडून आले' या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सुवाच्य अक्षरात 'ट्रक' ऐसेच लिहिले होते. अशी निर्दोष वही वर्ध्यात दुसरी नाही आणि तिचा उपयोग शून्य.

सांगाडा तेवढा फत्ते जाहला. वेल्डर रुपेश यांनी गंजलेल्या ठिकाणी पत्रे जोडिले, पुंडलिकरावांनी तीन महिने गंज खरवडिला, तांबडा रंग दिधला, आणि वरती काय चढवावे हे न कळून मोहीम तेथेच अडली. स्प्रिंगांचे पाटे उलटे बसले, मग सुलटे केले तो धुरा वाकडा बसला. वर्ष गेले, दुसरे सरत आले, आनंदाबाई सांगाड्यावर गोधड्या वाळवू लागल्या, आणि आळीत पत्ता सांगताना लोक 'ट्रकाच्या हाडांजवळ' ऐसे सांगू लागले.

मार्च महिन्यात निकेश येऊन हुकूम बजावून गेले की, बारा एप्रिलच्या सांजेपर्यंत इंजिनाचा आवाज आला तर ठीक, नाही तर ट्रॅक्टर बोलावू. पुंडलिकरावांचे तोंडचे पाणी पळाले. तेव्हा आनंदाबाई गोधडी झटकीत बोलल्या, "दादा येईन तं गाडी उभी राहीन. आन् गाडीचं जाऊ द्या, मले माहा भाऊ पाह्यजे. तोंड तुमी वाजवलं, तुमीच जा."

मग पुंडलिकरावांनी पॅसेंजरने सिंदीवर कूच केले. महादेवराव अंगणात तुरीतले खडे निवडीत बसले होते. या म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. चष्मा काढावयास त्यांनी खिशात हात घातला, तो वाहन परवाना खाली पडला. पुंडलिकरावांनी तो उचलिला आणि लिपिकाची खोड, मुदत पाहिली. मुदत चालू होती. फौज सोडून अठरा वर्षे जाहली, दारात सायकलीवाचून वाहन नाही, तरी हा मनुष्य दर मुदतीस वर्ध्यास जाऊन जड वाहनाचा परवाना नवा करून आणीत होता. ते पाहून पुंडलिकरावांस प्रथमच लाज वाटली, आणि पुष्कळ वाटली. माफी मागावयाची ती ओठांशी आली आणि अडतीस वर्षांच्या अधिकाराने मागे ओढली. एवढेच म्हणवले, "गाडी जुडून नाई राह्यली."

महादेवरावांनी विचारिले, "आनंदा कशी हाय?"

"तुमची वाट पाहून राह्यली."

त्यावरी तह जाहला. वही कपाटात जाईल, हुकूम महादेवरावांचा चालेल, आणि पुंडलिकराव क्लीनर या पदावर नामजाद होतील. तिन्ही कलमे निमूट कबूल केली.

मग अंगणात ताडपत्री अंथरून गोण्या रित्या केल्या. महादेवराव एकेक जिन्नस हाती घेत, डोळे मिटून अंगठ्याने चाचपीत आणि ठिकाण सांगत, कारण फौजेत दिवा न लावता गाडी दुरुस्त करण्याची त्यांस सवय होती. धुरे बसले, पाटे बसले, चेनपुलीने इंजिन सांगाड्यात उतरले, तेव्हा निम्मी आळी दोर धरून होती आणि निम्मी सल्ले देत होती. पुंडलिकराव पाने देत, चिंधी धुवून आणीत आणि चुकीचा पाना दिल्याबद्दल बोलणी खात.

बारा तारखेस सांज होत आली, निकेश घड्याळ पाहत उभे, आणि इंजिन काही केल्या बोलेना. महादेवरावांनी निदान केले की डिझेलच्या नळीत हवा भरली आहे, ती काढिल्याविना चालणार नाही. आनंदाबाई ओट्यावरून पुंडलिकरावांकडे पाहून म्हणाल्या, "हे मी तीस वर्षांपासून सांगून राह्यली." पुंडलिकरावांनी डिझेलचा हातपंप मारिला, दंड भरून आले, नळीतून बुडबुडे सरले. मग किल्ली फिरली, इंजिन दोनदा खोकले आणि गरजले, आणि आळी धुराने ऐसी भरली की निकेश ट्रॅक्टरवाल्यास नकार कळवीत होते ते फक्त ऐकू आले.

चौदा तारखेस ट्रकावर रथ सजला, निळे झेंडे लागले, आणि प्रश्न राहिला तो सुकाणूचा. या दिवसासाठी पुंडलिकरावांनी दोन वर्षांपासून पांढरा सफारी इस्त्री करून ठेविला होता, आणि लोकही त्यांच्याकडेच पाहत होते. महादेवराव हात पुसून बाजूस झाले आणि म्हणाले, "मी जोडाले आलतो. मालक तुमी."

पुंडलिकरावांनी दार उघडिले. पाय पायरीवर ठेविला. मग तो खाली घेतला, आणि आळीदेखत, ज्या आवाजात दोन वर्षांमागे बोलले होते त्याच आवाजात म्हणाले, "चुकलो मी, दादा. तुमी बसा."

महादेवराव बसले. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून इतकेच बोलले, "मले वाटलं, हात इसरले असतीन." आनंदाबाई शेजारी चढून बसल्या, त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि ट्रक निघाला.

येणेप्रमाणे मोहीम तडीस गेली, ती नोंद करावी. फत्ते महादेवरावांची जाहली, माहेर आनंदाबाईंस परत मिळाले, आणि पुंडलिकराव पांढऱ्या सफारीत चार तास ट्रकापुढे रस्ता मोकळा करीत पायी चालले, व या अवधीत त्यांनी एकदाही मागे वळून चालकास सूचना केली नाही. हा त्यांचा या मोहिमेतील एकमेव पराक्रम होय. मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे, सही आनंदाबाई.