माझ्या नावाची लाकडं

माणूस खुर्चीकडे जातो तोवर तो नोकर. खुर्ची माणसाकडे आली की तो मालक. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. भाच्याला बेंगळुरूहून परत बोलावताना मी ते फोनवर उच्चारलं आणि त्या क्षणी मला स्वतःविषयी फार आदर वाटला. पुढे खुर्ची खरोखरच गावात आली. ती स्मशानात ठेवावी लागली.

मी परशुराम. रामनगरच्या लाकूड डेपोत कारकुनी करून निवृत्त झालो. लग्न केलं नाही, म्हणजे जमलं नाही, म्हणून म्हातारपणी धाकट्या बहिणीकडे, सावित्रीकडे, राहायला आलो. जोयड्याहून बरंच आत, जंगलात तिचं सासर. घरं पुष्कळ, माणसं थोडी. तरुण पोरं गोव्याला नाहीतर बेळगावला. मागच्या पावसाळ्यात गावातला एक म्हातारा वारला तेव्हा तिरडीला चौथा खांदा मिळेना. शेवटी गणेशगुडीला पर्यटकांच्या बोटी चालवणारा एक पोरगा जीपमधून आणला. घाईत तो अंगातलं केशरी लाइफ जॅकेट काढायचं विसरला. म्हातारा जन्मभर नदीला भ्यायला. शेवटचा प्रवास मात्र पूर्ण सुरक्षित झाला.

त्या दिवसापासून सावित्रीनं धसका घेतला.

"दादा, मी मेल्यावर मला कोण रे उचलणार?"

"मी आहे की."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुला कोण उचलणार त्ये आदी बग."

म्हणून वासू. तिचा एकुलता एक. बेंगळुरूत गाद्या विकणाऱ्या एका कंपनीत होता. लोक गादी घेतात, तरी झोप येत नाही, मग फोन करून भांडतात. ते भांडण वासू ऐकून घेतो. हे काम कुठूनही करता येतं असं कंपनीच म्हणाली. मी ते वाक्य उच्चारलं. वासू आला.

घरात नेटवर्क नव्हतं. ओसरीवर नव्हतं, गोठ्यात नव्हतं, देवळात नव्हतं. लॅपटॉप दोन्ही हातांत धरून, देवीची परडी घेऊन हिंडावं तसा वासू गावभर हिंडला. दोन बायकांनी तर त्यावर तांदूळ टाकले. शेवटी ओढ्यापलीकडच्या बोडक्या टेकाडावर नेटवर्क सापडलं. समोर थेट सुप्याच्या धरणाकडचा टॉवर दिसतो, मध्ये झाड नाही. टेकाडावर पंचायतीनं बांधलेली पत्र्याची शेड आहे, बसायला सिमेंटचा कट्टा आहे, वारा आहे, शांतता आहे. गैरसोय एवढीच की ते आमचं स्मशान आहे.

"जिवंत माणसाला रेंज न्हाई आन् मेलेल्याला फुल्ल," शेजारचा धाकलू म्हणाला. धाकलू माझ्याच वयाचा. त्याला कमी ऐकू येतं, त्यामुळे तो बोलतो जास्त.

वासूनं तिथे खुर्ची टाकली. गुरं घेऊन जाणारी शेजारीण फुला रोज ऐकायची: वासू त्या शेडमध्ये एकटाच बसून हिंदीत विचारतोय, आता आराम वाटतो का, पाठ दुखायची थांबली का, कूस बदलताना त्रास होतो का.

"पोरगं चांगलं हाय," तिनं गावात सांगितलं. "गेलेल्यांचीबी इचारपूस करतंय."

खरी अडचण घरी होती. स्मशानातून आलेल्या माणसानं मागच्या दारी अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ करायची, कडुलिंबाचं पान दाताखाली धरायचं, मग उंबरा ओलांडायचा. सावित्रीनं नियम सोडला नाही.

"आई, मी ऑफिसातनं आलोय."

"तुजं हाफिस कुटं हाय त्ये मला ठावं हाय. हो मागल्या दारी."

जेवायला आला की अंघोळ, संध्याकाळी अंघोळ, चार्जर विसरला तर मधे एक जादा अंघोळ. गावात कडुलिंबाचं एकच झाड. वासू आल्यापासून ते एका बाजूनं बोडकं झालं. काही महिन्यांत वासूची जी काही प्रगती झाली ती त्वचेची.

मग कंपनीकडून निरोप आला. जूनपासून सगळ्यांनी बेंगळुरूच्या ऑफिसात हजर व्हायचं. फक्त जे टीम लीड आहेत त्यांना हवं तिथून काम करायची मोकळीक. टीम लीडची एक जागा रिकामी होती, आणि रक्षिता मॅडम त्यासाठी वासूची मुलाखत व्हिडिओवर घेणार होत्या. जागा मिळाली तर वासू गावात. नाही मिळाली तर सावित्रीच्या तिरडीला पुन्हा लाइफ जॅकेट.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी त्याला केस कापायला जोयड्याला पाठवला. हा सल्लाही माझाच. तिथे महाबळेश्वर म्हणून न्हावी आहे. त्यानं डावी बाजू जरा जास्त घेतली. उजवी तिला जुळवायला गेला तर ती आणखी खाली आली. मग डावी उजवीला जुळवली. असं करत करत दोघं अशा जागी पोचले की पुढे वाटाघाटीला काही उरलंच नाही.

"सगळंच काढूया की," महाबळेश्वर म्हणाला. "उन्हाळा हाय, गार वाटतंय." एकटी मिशी बरी दिसेना म्हणून तीही काढली.

मी तेव्हा अंथरुणावर होतो. तापानं आठवडाभर ओसरीवरसुद्धा आलो नव्हतो. आतूनच म्हणालो, "डोक्यानं काय होतंय? माणूस आतून तयार पाहिजे."

सकाळी वासू निघाला. डोकं तुळतुळीत. अंगात पांढरा शर्ट. खाली पांढरा पंचा, कारण मॅडमना कमरेपर्यंतच दिसतं आणि उकाडा मरणाचा. अनवाणी, कारण ओढ्यात चप्पल सटकते. लॅपटॉपची पिशवी पाठीला आणि प्यायच्या गार पाण्याचं मडकं खांद्यावर. दारात सावित्री पदरानं डोळे पुसत उभी. आयांना मुलाची परीक्षा आणि अंत्यविधी यांत रडण्यापुरता फरक करता येत नाही.

हे सगळं फुलानं अंगणातून पाहिलं. मुंडण, पांढरे कपडे, खांद्यावर मडकं, स्मशानाची वाट, रडणारी आई, आणि आठवडाभर न दिसलेला मामा. न्यायाधीश असता तर त्यानंही दुसरा निकाल दिला नसता. तिरडी दिसली नाही, तर त्याचाही उलगडा तिनं केला: खांदे मिळाले नसणार, पहाटेच जीपमधून नेला असणार. एवढी पाळी यावी याचं तिला वाईट वाटलं. सावित्रीला विचारायचा प्रश्न नव्हता. आमच्याकडे अशा वेळी विचारत नाहीत. लाकूड उचलतात.

घरटी एक लाकूड, हा रिवाज. मयताचं जळण एका घरावर पडू नये म्हणून. फुलानं चूल विझवली आणि लाकूड घेतलं. तिला बघून पुढच्या घरानं घेतलं. ओढ्याच्या पल्याडची वाडीही निघाली.

मी खिडकीतून पाहतो तो माणसं एकामागोमाग लाकडं घेऊन चाललेली. अरे, कोण गेलं? सावित्री परसात कुठेतरी होती. वासू मुलाखतीला. आमच्या घरचं लाकूड कोण नेणार? लोक काय म्हणतील? मी तसाच उठलो. थंडी वाजत होती म्हणून पांढरी चादर गुंडाळली, आमच्या सरपणातलं एक बरंसं लाकूड खांद्यावर घेतलं आणि रांगेच्या शेवटी लागलो.

पुढे धाकलू होता. लाकूड घेऊन जाताना मागे वळून बघायचं नाही असाही नियम आहे. तो वळला नाही.

"कोण रे?" मी मोठ्यानं विचारलं.

"रामनगरचा मामा," धाकलू पुढे बघतच म्हणाला.

अंगात ताप, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत धडधड. खोडून काढावं तर माझ्याकडेही पुरावा तोकडाच होता.

"चांगला होता का?" मी विचारलं. अशी संधी पुन्हा येत नाही.

"वाईट नव्हता. बोलायचा लई."

"आजारी होता म्हणे."

"कशाचा आजारी? आळशी. आता तरी काय काम पडलं हुतं त्याला? आडवं व्हायचं. त्ये तो रोजच करायचा."

बाकीच्या वाटेत खांद्यावरचं लाकूड जड होत गेलं.

टेकाडावर मुलाखत रंगात आली होती. वासू नेहमी मागे समुद्रकिनाऱ्याचं खोटं चित्र लावतो. मॅडम म्हणाल्या होत्या, ते काढा, तुमचा खरा परिसर बघू दे. त्यानं काढलं, आणि त्याच वेळी गाव पोचलं. माणसं अदबीनं एकेक करून पुढे येत होती, वासूच्या खुर्चीमागे लाकूड रचत होती, हात जोडत होती आणि बाजूला होत होती. मयत दिसत नाही, तर जीप वाटेत अडकली असणार असं सगळ्यांनी धरलं होतं. जन्म डेपोत गेल्यामुळे माझी नजर आधी लाकडांवर गेली. काही ऐनाची होती, दोन जांभळाची. धाकलूनं ओली अकेशिया आणली होती, धूर जास्त आणि जाळ कमी. चाळीस वर्षांची ओळख, आणि ओली अकेशिया.

रक्षिता मॅडम कन्नडमध्ये बोलत होत्या. मी आपल्याला मराठीत सांगतो.

"वासू, मागे काय चाललंय?"

वासूनं मान वळवली. "माहीत नाही मॅडम. गावात कुणीतरी वारलं असावं."

तेवढ्यात फुलानं त्याच्या गुळगुळीत डोक्यावर हात ठेवला आणि हंबरडा फोडला. "मामा ग्येला की रे तुजा, वासू. आन् तू हितंबी कामच करूलास?" त्यातलं 'मामा' मॅडमना कळलं. बाकीचं तिच्या आवाजानं सांगितलं.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या. "आज तुमच्या मामांचा अंत्यविधी आहे? आणि तुम्ही मुलाखतीला बसलात?"

"नाही मॅडम. मामा घरी आहेत. त्यांना फक्त ताप आहे."

"मला कळतं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "माझे वडील गेले तेव्हा मीसुद्धा महिनाभर सगळ्यांना हेच सांगायची. झोपलेत म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "मला आणखी काही विचारायचं नाही. कामावर इतकी निष्ठा मी पाहिलेली नाही. लीडची जागा तुमची. तुम्ही तिथेच राहा, आईजवळ."

वासूनं खरं सांगायला तोंड उघडलं. त्याच वेळी त्याला गर्दीमागे मी दिसलो.

"मॅडम, हे बघा. हेच मामा."

सगळे वळले. फुलाच्या हातातली पिशवी पडली. धाकलू नियम मोडून मागे बघत खाली बसला आणि बराच वेळ बसूनच राहिला. मी पांढऱ्या चादरीत, खांद्यावर लाकूड घेऊन, लॅपटॉपसमोर उभा राहिलो.

"हे कोण?" मॅडमनी विचारलं.

मी वासूकडे पाहिलं. पायवाटेनं धापा टाकत येणारी सावित्री दिसली. आत्ताच वडिलांसाठी रडलेली ती बाई दिसली. मी आहे म्हटलं तर तिच्या रडण्याची थट्टा होणार, वासू जूनमध्ये बेंगळुरूला जाणार, आणि सावित्री त्या घरात एकटी. मी नाही म्हटलं तर? तसं पाहता नुकसान कुणाचंच नव्हतं.

"नमस्कार मॅडम," मी कन्नडमध्ये म्हणालो. "मी धाकटा भाऊ. थोरला गेला."

"कसे होते हो ते?"

"थोर माणूस होता," मी म्हणालो. "विचारानं फार पुढे."

मागून धाकलूचा खोकला ऐकू आला.

मॅडम पडद्यावरून गेल्या. मग मी म्हणालो, "चला, आपापली लाकडं उचला. झालं ते झालं."



"तसं व्हत न्हाई मामा," फुला खालमानेनं म्हणाली. "मसणात आणलेलं लाकूड घरी न्हेत न्हाईत. ज्येच्या नावानं आलं त्येचंच त्ये. माघारी न्हेलं तर घरातलं दुसरं कुणीतरी मागतंय."

"आन् तुम्ही सोता तोंडानं सांगितलासा की," धाकलू म्हणाला. तेवढं त्याला बरोबर ऐकू आलं होतं. कन्नडमधलंसुद्धा.

ती लाकडं तिथेच राहिली. वासूच्या खुर्चीमागे व्यवस्थित रचून ठेवली आहेत. मॅडमना ती पार्श्वभूमी फार आवडते, गावाकडची वाटते म्हणे. वासूच्या हाताखाली आता माणसं आहेत, त्यामुळे सकाळी लवकर जातो आणि अंधार पडताना येतो. त्याला आता कुठूनही काम करायचं स्वातंत्र्य आहे. ते त्या शेडमध्ये बसून तो उपभोगतो. सावित्री शांत झोपते. "दादा, येक काळजी मिटली," परवा म्हणाली. तिची की माझी, ते मी विचारलं नाही.

कंपनीनं दुःखात सहभागी म्हणून घरी एक भारीतली गादी पाठवली. तिच्यावर मी झोपतो. म्हणजे आडवा होतो. झोप लागत नाही. तक्रार करावी तर ती वासूकडेच जाणार, आणि आमच्या मयत मामांची तक्रार त्याला नोंदवून घेता येत नाही.

आता मे सरत आलाय. शेडचा पत्रा एका बाजूनं गळतो. कोरड्या बाजूला वासूची खुर्ची आहे, म्हणजे गळक्या बाजूला माझी लाकडं, म्हणजे मीच. तर आपल्यापैकी कुणी पावसाआधी गणेशगुडीकडे बोटीत बसायला येणार असाल, तर येताना एक जुनी ताडपत्री तेवढी आणा. फाटकी चालेल. ओल्या लाकडाला जळायला वेळ लागतो, आणि वासूची दहाला मीटिंग असते.