अनसाबाईंची भरली ओटी आणि गगनपालखी

॥ श्री ॥ वायू राखो, भूमी झेलो ॥

सरकारांनी आपले पाय जमिनीवर ठेविले आणि परक्याची बायकामाणसे आभाळी टांगली, हा आरोप आरंभीच लिहिला असे. झोंबला तर झोंबो. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभवनाम संवत्सर, वैशाखमास, ते समयी खाडीकाठच्या एका राज्यात वर्तमान ऐसे जाहले जे, खाडीवरील पूल पडला, आणि तो बांधावा ही हुजुरांची मर्जी होईना, मग दूर देशीहून एक यंत्र आणविले, लोक त्यास ड्रोन म्हणत, सरकारी कागदी नाव गगनपालखी, आणि त्यास भोई नाही, सारथी नाही, भवताली पंखे आणि मध्ये काचेची कुपी, तीत एक माणूस बसवावे, मग यंत्र आपल्या मते उडते आणि आपल्या मते उतरते. सरकार बहुत संतोष पावले. आभाळमार्ग असता कोणी होडीने गेले तर आपली शोभा जाईल म्हणोन होड्यांवरही बंदी घातली. वाहवा रे कारभार! आणि मग दरबारी पुसिले की पहिल्या उड्डाणाचा मान कोण घेतो, तो एकास पोटशूळ उठला, दुसऱ्याचे घरी सुतक निघाले, तिसरे मान खाली घालोन जोडे शोधू लागले.

ऐलतीरी अनसाबाई म्हणोन एक गृहिणी राहात. त्यांची लेक कुसावती पैलतीरी सासरी, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, आणि पूल नाही म्हणोन माहेरी येता आले नाही, सासरघरी दुसरे बाईमाणूस नाही. "आई, तू ये गं, मला भय वाटते," ऐसा तिचा फोन आला, मग अनसाबाईंनी पदर खोचिला आणि दरबारी जाऊन सांगितले की, मान तुमचा तुम्हांस, मला फक्त पैलतीरी न्या. यजमान धर्माजी म्हणाले, "अगं, जत्रेतल्या पाळण्यात तुला घेरी येते, आणि यात बसणार?" अनसाबाई म्हणाल्या, "मग तुम्ही पोहत जा आणि लेकीचे बाळंतपण करा." धर्माजी पिशवी भरू लागले.

उड्डाणाचे दिवशी सरकारी गगननवीस अंताजीपंत यांनी अनसाबाईंस काट्यावर उभे केले आणि पिशवीही काढोन ठेविली. म्हणाले, "बाई, वजन अगदी बेताचे आहे. याउपर चिमूटभर चालणार नाही, विजेचा साठा तेवढाच." ठीक. मग राणीसाहेबांची स्वारी आली. या राज्यीचा शिरस्ता ऐसा की सवाष्ण दारातून निघाली तर रिकाम्या ओटीने निघत नाही, मग ती पायी जावो की आभाळी जावो. राणीसाहेबांनी खण, तांदूळ, नारळ घालोन ओटी भरिली, आणि त्यांनी भरिली म्हणोन सरदारांच्या बायकांनी भरिली, नारळावर नारळ आले, बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा आला, तुपाची बरणी आली. अंताजीपंतांनी बोलावयास तोंड उघडिले, राणीसाहेबांनी त्यांजकडे पाहिले, त्यांनी तोंड मिटिले. काटा तेथेच शेजारी उभा होता, कोणी त्याकडे पाहिले नाही. अनसाबाईंसही उमगत होते, परंतु भरली ओटी नको म्हणणे त्यांच्या जिभेस येईना. सरकार दुरून टाळ्या वाजवीत होते.

मग पंखे फिरले आणि पालखी उचलली, आणि अनसाबाईंनी डोळे गच्च मिटिले ते उघडिले तेव्हा खाली गाव हातावरच्या मेंदीएवढे जाहले होते. आवाज मागे राहिला ऐसे वाटे. समोर खाडीचे पाणी निजलेल्या लेकरासारखे हळू हळू श्वास घेत होते, बगळ्यांची रांग पायांखालून गेली, आणि एक पांढरा ढग काचेस गाल लावोन थांबला, मग निघोन गेला. अनसाबाईंस वाटले की आपण जन्मास येण्यापूर्वी येथेच कोठे होतो, आणि कुसावतीचे बाळही आता येथेच कोठे असेल, खाली उतरावे की न उतरावे ऐसे करीत. त्यांनी ओटीवर हात ठेविला आणि क्षणभर भय म्हणोन राहिले नाही.

इतक्यात पालखी एका अंगास कलली आणि कोठून गोड आवाज आला, "भार अधिक आहे. भार कमी करावा."

"अहो, कोणास सांगता? जरा खाली घ्या की!" अनसाबाई ओरडल्या.

"आपला प्रवास सुखाचा होवो," आवाज म्हणाला.

भोई असता तर चार शब्द ऐकविले असते, येथे कोणास ऐकवावे? पालखी वाकडी तिकडी उतरू लागली. अनसाबाईंनी झडप सरकविली आणि नारळ हाती घेतला, तो खाली लग्नाचा मांडव दिसला, माणसेच माणसे, सगळी वर पाहणारी. इतक्या उंचीवरून नारळ पडला तर कोणाचे डोके राहील? त्यांनी नारळ परत ओटीत ठेविला, लाडवांचा डबा मांडीखाली घेतला, आणि मनात लेकीची क्षमा मागोन मुठीमुठीने तांदूळ सोडिले. ते उन्हात चमकत, हलके होत, मांडवावर उतरले, आणि खाली नवरानवरीने हात जोडिले, म्हातारे म्हणू लागले, "देवांनी अक्षता टाकिल्या!" वर देव कोणी नव्हता. वर एक घाबरलेली आई होती.

तांदळाने किती भार कमी होणार? पालखी खाडीअलीकडेच पांढऱ्या शुभ्र मैदानात आपटली, एक पंखा मोडला, काच तडकली, अनसाबाईंचा खांदा सुजला. त्यांस वाटले ढगातच पडलो. बोट लावोन चाटिले तो खारट. मिठागर होते. तेथे राबणारा जोमा आगरी धावत आला आणि म्हणाला, "आगो आये, कवरी मोठी पतंग ही! वरशी आयलीस?"

"पैलतीरी लेक अडली आहे रे बाबा."

"मंग होरीन बस. बंदी हाय, पन मी वलवतंव."

आणि जोमाने वल्ही मारिली, आणि अनसाबाई ऊन कलण्यापूर्वी लेकीच्या उशाशी पोहोचल्या. कुसावतीने कळा सोशीत त्यांचा हात धरिला आणि पुसिले, "आई, आलीस कशी?" अनसाबाई म्हणाल्या, "होडीने." दिवेलागणीस मुलगी जाहली. नारळ तिजवरून ओवाळोन फोडिला, गोड निघाला.

येथवर हकीकत. तात्पर्य इतुकेच जे, सरकारांनी दवंडी पिटविली की उड्डाण सुखरूप जाहले, दोष प्रवाशाच्या ओटीचा, सबब यापुढे ओटी मना. आणि जोमाची होडी जप्त केली. तरी हुजुरांस थेट सवाल आहे. जे यंत्र चार नारळांनी पडते, त्यात दुसऱ्याच्या आईस बसविले, त्यात आपण कधी बसणार? आणि पूल कधी बांधणार? तान्ही पैलतीरी आहे, आजोबा धर्माजी ऐलतीरी उभे आहेत. उत्तर द्यावे.