हेमाच्या वर्गाची ग्रोथ

हेमाच्या आठवी अ ची प्रगती उणे एक निघाली, आणि यात सगळा दोष तिच्या नवऱ्याचा होता.

नोकरीसाठी उत्तरेत आलेला उल्हास मानक नगरात रेल्वेच्या संशोधन संस्थेत मोजमापाची उपकरणं तपासायचा. हेमा जानकीपुरमच्या एका शाळेत गणित शिकवायची. शाळेच्या कार्यक्रमात प्राचार्या चंद्रप्रभा मॅडमनी त्याला सहज विचारलं, मुलं किती पुढे गेली हे कसं ओळखायचं? कुणी विचारलं की सांगून मोकळं व्हायचं, हा उल्हासचा जुना आजार.

"सिंपल है मॅडम. दिसंबर के नंबर में से जुलाई के घटाइए. जो बचा, वही ग्रोथ."

मॅडम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी त्याला चिकनकारीचा कुर्ता भेट दिला आणि शाळेला त्याचं सूत्र लागू केलं.

शेजारच्या वर्गाची सरासरी चौतीसवरून अठ्ठावन्नवर गेली. त्या सरांना हार. हेमाची मुलं ब्याण्णववरून एक्क्याण्णववर आली, हेमाला समज. पुढच्या वर्षीही असंच झालं तर आठवी अ तिच्याकडून काढून घेणार होते.

"अहो, शंभराच्या वर माझी मुलं जाणार कुठे?"

"हे माझ्या लक्षातच आलं नाही गं."

"मग मॅडमना सांगा, चुकलं म्हणून."

"आता कसं सांगू? कुर्ता एकदा धुऊनसुद्धा झालाय."

आणि पुढच्या वर्षी तर त्यांची लेक नेत्राच हेमाच्या वर्गात आली. भाजी निवडता निवडता आईला गणिती कोडी घालणारी, उत्तर चुकलं तर आईलाच हसणारी मुलगी. तिला शिकवायचं म्हणून तरी हेमाला तो वर्ग हवा होता.

"असं कर," उल्हास म्हणाला, "जुलैचा पेपर जरा अवघड काढ. डिसेंबरचा सोपा."

ऑफिसात मोजपट्टीत केसाचा फरक निघाला तर पानभर शेरा लिहिणारा हा माणूस! हेमा आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "थोडासाच हं." पण दुखावलेल्या माणसाचा हात थोड्यावर थांबत नाही. वर्गाची सरासरी एकतीस आली. नेत्राला सत्तावीस.

नेत्रानं खोलीचं दार लावून घेतलं. आतून आवाज आला, "मम्मा, मुझसे मैथ्स नहीं होता."

हेमाचा जीव तुटला. पण सांगणार काय? पोरगी वर्गात बोलली असती तर सगळंच फुटलं असतं. "डिसेंबरात बघ, छान पडतील," एवढंच ती म्हणाली. ते तिनं तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं.

डिसेंबरात सरासरी पंच्याण्णव आली. ग्रोथ चौसष्ट! हेमाला हार, मॅडमबरोबर फोटो. उल्हास येताना जिलबी घेऊन आला.

"नेत्रा, सत्तावीसवरून अठ्ठ्याण्णव! बघ बरं किती पुढे गेलीस!"

"पापा, वो पेपर तो छठी वाले भी कर लेते. असली वाला जुलाई का था." नेत्रा शांतपणे म्हणाली. "मुझे मैथ्स नहीं आता. ठीक है ना, सबको थोड़ी आता है."

तिनं कोड्यांची सगळी पुस्तकं रद्दीवाल्यासाठी दाराशी रचून ठेवली होती.

हेमानं ती पाहिली आणि तिला राहवेना. तिनं मॅडमना फोन लावला आणि नेत्रालाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"अगं, वर्ग जाईल," उल्हास कुजबुजला.

"जाऊ दे." पलीकडून हॅलो आलं, तशी ती म्हणाली, "मॅडम, मेरी ग्रोथ झूठी है. जुलाई का पेपर मैंने जानबूझकर कठिन बनाया था. बच्चों का कोई कसूर नहीं. सज़ा जो देनी हो, दीजिए."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"हेमा जी, ज़रा धीरे बोलिए," मॅडमचा आवाज एकदम खाली आला. "यही तो सबने किया है. हर क्लास की ग्रोथ साठ के ऊपर है. चिनहट वाली ब्रांच भी अब आपके साहब का फ़ॉर्मूला माँग रही है."

फोन बंद झाला. उल्हास जिलबीच्या पुड्याची दोरी उगाच सोडत आणि बांधत राहिला. नेत्रा आईकडे बघत होती.

"मतलब जुलाई में पूरा स्कूल रोया था?"

हेमानं होकारार्थी मान हलवली.

"वो किसी ने गिना?"