आर्डिसबाईंच्या नावापुढचं बटण

“यातली एकही स्क्रीन मी हातानं बनवलेली नाही, आर्डिसबाई!” संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारा वेंडेल ब्रॅक छाती फुगवून म्हणाला. मिनेसोटातली सगळी तळी जणू त्यानंच खणली होती! “तुम्ही बोललात, मी तुमचे शब्द लिहिले, स्क्रीन आपोआप उगवली!”

आर्डिस निगार्ड म्हणजे गावातल्या एकमेव अंत्यसंस्कारगृहाच्या मालकीणबाई. नवरा हार्लन गेल्यापासून एकट्याच सगळं बघायच्या. हिवाळाभर वेंडेल त्यांच्यासमोर बसून, या कामात कोणते शब्द वापरतात तेवढंच टिपत होता.

आता ही जादू नीट समजून घ्या, सोपी आहे. गेलेल्या माणसाला बाई म्हणाल्या ‘व्यक्ती’, की व्यक्तीचं पान तयार. व्यक्तीचं करायचं काय? ‘अंत्यविधी ठरवा’. की त्या पानावर तेच बटण हजर! आखायला नको, रंगवायला नको. वेंडेलच्या अंगावर दर वेळी नव्यानं काटा यायचा. त्याच्या साहेबांना मात्र काटाबिटा काही आला नव्हता. “बाईंनी प्रोग्रॅम विकत घेतला तर तू राहशील,” त्यांनी बजावलं होतं, “नाहीतर तू आणि तुझी जादू, दोघंही घरी!”

बाईंनी चष्मा चढवला. “अगंबाई! हे तर माझंच नाव!”

“इथे काम करणारी माणसंही व्यक्तीच ना!” वेंडेल खुलला. “तुमचंही पान आपोआप आलं!”

“आणि माझ्या नावापुढे हे काय बाई?” म्हणेपर्यंत बाईंनी ‘अंत्यविधी ठरवा’ दाबलंसुद्धा!

स्क्रीन आज्ञाधारक मुलासारखी कामाला लागली. चर्चला कळवलं. फुलवाल्याला कळवलं. वर्तमानपत्राला कळवलं. समस्त गावाला कळवलं!

“थांबव रे! रद्द करायचं बटण कुठाय?”

वेंडेलनं स्क्रीन वरून खाली आणि खालून वर धुंडाळली. “तो शब्द... तुम्ही कधी बोललाच नाहीत!”

“मी कशाला बोलेन? आमच्याकडे आजवर कुणीच रद्द केलेलं नाही!”

तेवढ्यात फोन वाजला.

“हॅलो? हो, डोरीन, मीच बोलतेय. अगं खरंच मीच!” पलीकडून किंकाळी आली आणि फोन बंद.

थोड्याच वेळात दारात गाड्यांची रांग लागली. इकडची माणसं दुःखात गळे काढत नाहीत, ‘हॉटडिश’ नावाचा ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ घेऊन येतात. ट्यूना माशाचं हॉटडिश, बटाट्याचं हॉटडिश, पुन्हा ट्यूनाचं! सगळ्यांत पुढे चर्चचे पास्टर हालवर्सन, काळ्या कोटात.

“या ना, पास्टर,” आर्डिसबाईंनीच दार उघडलं. “बाहेर थंडी आहे.”

पास्टर उंबऱ्यावरच बसले!

खोली माणसांनी भरली, टेबलं भांड्यांनी भरली. आर्डिसबाई बघतच राहिल्या. “एवढी माणसं? माझ्यासाठी? हार्लनच्या वेळीसुद्धा इतकी हॉटडिशं नव्हती!” त्यांनी डोळे पुसले आणि वेंडेलकडे वळल्या. “आता माझा नवा शब्द लिही. ‘परत आणा’.”

वेंडेलनं लिहिला. बटण उगवलं. बाईंनी दाबलं. एकदम सगळ्यांचे फोन खणखणले: ‘आर्डिस निगार्ड यांना परत आणले आहे.’

“याआधी हे एकदाच झालंय, येशूच्या वेळी,” पास्टर पुटपुटले.

पण वेंडेलनं घाईघाईनं बाकीची पानं उघडून बघितली. व्यक्तीचं बटण ते! ते प्रत्येक व्यक्तीच्या पानावर उगवलं होतं. आजवर इथून निरोप दिलेल्या साऱ्यांच्या पानांवर. आणि हार्लन निगार्डच्याही.

बाईंचं बोट त्या बटणावर येऊन थांबलं. वेंडेललाही क्षणभर वाटलं, न जाणो!

मग बाईंनी बोट मागे घेतलं.

“नको. आला की आधी विचारेल, जेवायला काय आहे. आणि ट्यूना त्याला मुळीच चालत नाही.”

वेंडेलनं हळूच विचारलं, “मग... प्रोग्रॅमचं काय ठरलं, बाई?”

“घेतला! पण एका अटीवर.” बाईंनी टेबलाकडे हात केला. “यातली निम्मी ट्यूनाची हॉटडिशं तू घरी नेणार!”