परचुमा बस

इंडोनेशियातल्या जावा बेटावरच्या सोलो शहराहून आलेले सुदार्मो मास्तर आणि त्यांची पत्नी कुस्तिनी यांनी क्वालालंपूरच्या बसथांब्यावर उभं राहून चौथी बस सोडून दिली. बस थंडगार होती, अर्धी रिकामी होती आणि त्यांना जायचं होतं तिकडेच चालली होती. पण तिच्या कपाळावर भल्यामोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘परचुमा’.

मलेशियात परचुमा म्हणजे फुकट, पैसे न घेता. समुद्रापलीकडे इंडोनेशियातही परचुमा म्हणजे फुकटच, पण मेहनत फुकट गेली म्हणतो ना, त्यातलं. वाया गेलेलं, बाद. दोन्हीकडची भाषा जवळपास एकच, त्यामुळे आपल्याला एकमेकांचं सगळं समजतं असं दोघांनाही वाटत असतं, आणि घोळ होतो तो तिथेच.

“केवढी प्रामाणिक माणसं!” मास्तर म्हणाले. “गाडी बाद झाली तर तसं लिहून मोकळी होतात.”

“पण अहो, बाद गाडीत माणसं बसलीयेत.”

“वाचता येत नसेल त्यांना.”

कुस्तिनीला वाद घालायला वेळ नव्हता. लेक वेनिंग इथल्या रुग्णालयात परिचारिका होती. तिने हाझवान नावाचा इथलाच मुलगा पसंत केला होता आणि आज दुपारी कंपुंग बारूतल्या एका खानावळीत दोन्ही घरांची पहिली भेट होती. लग्न कुठे करायचं ते तिथेच ठरणार होतं. ते सोलोत, आपल्या अंगणात व्हावं, एवढी एकच गोष्ट कुस्तिनीच्या मनात होती. पण ती व्याह्यांना तोंडावर सांगायची म्हणजे जावाच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखं. म्हणून प्रवासभर तिने एका वाक्याची तालीम केली होती, ‘आमच्या अंगणातल्या आंब्याची सावली यंदा फार छान पडलीय.’ पुढचं शहाण्या माणसानं ओळखायचं.

तेवढ्यात फोन वाजला. विहीणबाई होत्या, रोहानी.

“कुठवर आलात?”

“थांब्यावरच आहोत.”

“अगंबाई, बस नाही आली?”

“आल्या की, चार आल्या. पण सगळ्या परचुमा.”

“हो, परचुमाच असतात.”

“तेच म्हणते मी. परचुमाच.”

“मग बसा ना!”

“अशा कशा बसणार, विहीणबाई? परचुमा आहेत त्या.”

पलीकडे रोहानी ‘बरं बरं’ म्हणाली आणि फोन ठेवून नवऱ्याकडे वळली.

“तरी मी सांगत होते, पाहुण्यांना फुकटच्या बसनं यायला सांगू नका! रुसले ना! फुकटच्या बसमध्ये कशा बसणार म्हणाल्या. आणि तेही इतक्या गोड आवाजात!”

“गोड आवाजात म्हणजे रुसल्या नसतील,” झुल्किफ्ली म्हणाले.

“जावाची माणसं रुसली की जास्तच गोड बोलतात. उठा, करेता काढा.”

आणि तिने पुन्हा फोन लावला. “विहीणबाई, मुळीच काळजी करू नका. आम्ही करेता पाठवतोय.”

आता मलेशियात करेता म्हणजे मोटार आणि इंडोनेशियात करेता म्हणजे आगगाडी, हे त्या दोघींना कोण सांगणार?

“काय म्हणाल्या?” मास्तरांनी विचारलं.

“आगगाडी पाठवतायत.”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “आपल्यासाठी?”

“तसंच म्हणाल्या बाई.”

“रेल्वेत असणार व्याही. चांगल्या वरच्या हुद्द्यावर असणार.”

कुस्तिनीचा चेहरा उतरला. “मग झालंच! असल्या लोकांना आपल्या आंब्याच्या सावलीचं काय कौतुक!”

“वेनिंगला विचारू या का?”

“नको. कामावर आहे पोर. आईबापांना साधं गाडीत बसता येत नाही, असं वाटेल तिला.”

आगगाडी बसथांब्यावर येत नाही, इतपत व्यवहारज्ञान मास्तरांना होतं. डोक्यावरून जाणाऱ्या रुळांच्या मागोमाग, भर उन्हात, व्याह्यांसाठी आणलेला भाताच्या कुरकुरीत खरपुडीचा खोका सांभाळत दोघं स्टेशनात पोचले. मास्तरांनी पहारेकऱ्याला विचारलं, “आमची आगगाडी आली का हो?”

“कुठली तुमची?”

“व्याह्यांनी पाठवलेली.”

पहारेकऱ्याने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. “काका, उन्हातून आलात का? आधी पाणी प्या.”

पाणी पिऊन दोघं बाहेर आले तर समोर पुन्हा एक परचुमा बस उभी. कुस्तिनीचे पाय बोलायला लागले होते. “अहो, बाद तर बाद. आत गारवा तरी आहे. घटकाभर टेकू.”

मास्तरांनी चालकापुढे नोट धरली. त्याने हात हलवला. “परचुमा, काका, परचुमा.”

“ठाऊक आहे हो, नुसतं बसायला आलोय,” मास्तर म्हणाले. दोघं बसले आणि बाद गाडी चक्क चालायला लागली.

इकडे झुल्किफ्ली मोटार घेऊन थांब्यावर पोचले तेव्हा तिथे कुणी नव्हतं. पुढे वाहनांची अशी दाटी की गोगलगाय पुढे जाईल. शेवटी मोटार एका मॉलच्या तळघरात ठेवून, थांबे धुंडाळत जाऊ म्हणून ते समोर आली त्या बसमध्ये चढले. सगळा जन्म या शहरात गेला, पण फुकटच्या बसमध्ये त्यांनी पहिल्यांदाच पाय ठेवला होता. कुस्तिनीच्या शेजारच्या बाकावर बसून ते टक्कल पुसू लागले. वेनिंगने सोलोला पाठवलेल्या फोटोत त्यांना टोपी आणि झुपकेदार मिशी होती. टोपी आज मोटारीत राहिली होती आणि मिशी बायकोच्या सांगण्यावरून ईदलाच गेली होती.

“घ्या भाऊ,” कुस्तिनीने कागदी रुमाल पुढे केला. “फार घामाघूम झालात.”

“काय सांगू ताई, पाहुणे शोधतोय.”

“आम्ही आगगाडी शोधतोय. व्याह्यांनी पाठवलीय.”

झुल्किफ्लींचा रुमाल कपाळावरच थांबला. त्यांनी मास्तरांचा बाटिकचा सदरा पाहिला, खोक्यावर छापलेलं ‘सोलो’ वाचलं. बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. निवृत्त माणसाच्या वाट्याला असा योग रोज येत नाही.

“मोठी माणसं दिसतात तुमचे व्याही.”

“फार मोठी! रेल्वेत वरच्या हुद्द्यावर आहेत.”

झुल्किफ्लींचा जन्म चष्म्याच्या दुकानात गेला होता. तरी ते नकळत जरा ताठ बसले. “मग लग्न थाटात होईल.”

“तेच तर!” कुस्तिनी म्हणाली, आणि इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. “तुम्ही परके म्हणून सांगते, भाऊ. माझी आई अंथरुणाला खिळलीय. तिच्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं. तिथे मांडव घातला तर नातीचं लग्न तिला पडल्यापडल्या दिसेल. इथल्या हॉलात काय दिसणार तिला? मोबाइल!”

“मग सांगा ना व्याह्यांना.”

“छे! असं तोंडावर कुणी सांगतं का?”

“आणि त्यांना कळलंच नाही तर?”

“तर हसतमुखानं उभी राहीन हॉलात.”

झुल्किफ्ली खिडकीबाहेर बघू लागले. त्यांची गंमत करायची हौस फिटली होती.

“एवढी चांगली चालतेय,” मास्तर मध्येच म्हणाले, “मग बाद का केली असेल हो ही बस?”

“बाद?” झुल्किफ्लींनी विचारलं. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि ते इतक्या जोरात हसले की चालकाने आरशात पाहिलं. त्यांनी परचुमाचा इथला अर्थ सांगितला.

“म्हणजे आम्ही चार गाड्या फुकट सोडल्या!” मास्तर हळहळले.

“तुम्ही चार फुकट गाड्या सोडल्या,” झुल्किफ्ली म्हणाले.

कंपुंग बारूला तिघंही उतरली. खोका झुल्किफ्लींनीच उचलला.

“तुम्हीही इथेच, भाऊ?”

“माझे पाहुणे इथेच सापडणारसं दिसतंय.”

खानावळीच्या दारातून रोहानी धावत आली. “अहो, सापडले एकदाचे! आणि आपली करेता कुठे ठेवलीत?”

कुस्तिनीने रोहानीकडे पाहिलं, मग खोका धरलेल्या त्या टकलाकडे. बसमध्ये आपण काय काय बोललो ते तिला एका दमात आठवलं. वेनिंग आणि हाझवान आले, ताटं आली, तरी तिची मान काही वर होईना. मास्तर तर भाताची शितं मोजत बसल्यासारखे दिसत होते.

“तर हॉल मी बघून ठेवलाय,” रोहानीने सुरुवात केली.

“लग्न सोलोत,” झुल्किफ्ली म्हणाले.

“काय?”

“सोलोत. अंगणात, आजीच्या खिडकीसमोर.”

“हे कधी ठरलं?”

“बसमध्ये.”

“कुणाशी बोलून ठरवलंत?”

“एका परक्या बाईशी.”

रोहानीचा घास हातातच राहिला. “मुलाचं लग्न परक्या बाईशी बोलून ठरवता?”

“विहीणबाई,” कुस्तिनी मान वर करून म्हणाली, “ती मीच.” आणि तिने ओढणीच्या टोकाने डोळे टिपले. मास्तरांना ठसका लागला. इतकं सरळ वाक्य त्यांनी संसारात कधी ऐकलं नव्हतं.

रोहानीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा विहिणीकडे. मग उठून कुस्तिनीच्या शेजारी जाऊन बसली. “एवढंच ना? मग हे मला फोनवर नाही का सांगायचं? आजींना दिसायलाच हवं. हॉल काय, दुसऱ्या कुणालाही मिळेल. आता मांडवात जेवायला काय करायचं, तेही असंच सरळ सांगून टाका.”

कुस्तिनी आनंदाने हसली. ताटात जरा चाचपडली, मग खाली मान घालून मोठ्या गोड आवाजात म्हणाली, “तुम्ही म्हणाल ते.”

झुल्किफ्ली हात धुवायला उठले. “चला विहीणबाई,” ते म्हणाले, “पुन्हा एक चक्कर मारून येऊ बसमधून.”