एका ‘द’चा निर्णय

माणसाच्या अंगी हिंमत असणं चांगलंच; फक्त ती कोणासमोर दाखवली, याची नोंद योग्य शब्दात व्हायला हवी. आमच्या कार्यालयात ही नोंद इंग्रजीत करतात. (आपल्या भाषेत लिहिलं, तर ज्याच्याबद्दल लिहिलं त्यालाही कळतं. असे दोन प्रकार पूर्वी घडले आहेत.)

गेल्या मंगळवारी लिफ्टचे मिस्त्री तपासणी करत असताना मोठे साहेब आत शिरले. मिस्त्रींनी दारात आडवा हात घातला.

“साहेब, बाहेर या. दोराच्या तारा तुटायला लागल्यात.”

“काल तर व्यवस्थित चालत होती.”

“कालही तुटतच होत्या. मला आज दिसल्या.”

“मला सातव्या मजल्यावर मीटिंग आहे!”

“मग जिना आहे ना. लिफ्टने मी कोणालाच जाऊ देणार नाही.”

साहेब जिन्याने गेले. पाचव्या मजल्यावर ते वाळूच्या बादलीवर बसले होते, हे मी कुठेही नोंदवलेलं नाही. वर पोहोचताच त्यांनी मिस्त्रींची फाइल मागवली. मिस्त्री नऊ वर्षं हंगामी होते. कायम करण्याचा प्रस्ताव तयार होता. ‘स्वभाव’ हा एकच रकाना कोरा राहिला होता. तो भरायला समिती नेमली गेली: प्रशासन अधिकारी, अधिकाऱ्यांचे सासरे (इंग्रजीचे निवृत्त मास्तर, घरी त्यांचं कोणी ऐकत नाही), टायपिस्टबाई आणि सचिव म्हणून मी.

मास्तरांनी एकेक शब्द निवडायला घेतला. ‘कॉन्फिडंट’ म्हणजे साहेबांना आधीच पटलेलं मोठ्याने बोलणारा. ‘बोल्ड’ म्हणजे साहेब रजेवर असताना बोलणारा. ‘डेअरिंग’ला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, मिस्त्रींनी दुसऱ्याचा वाचवला, म्हणून बाद. ‘गट्स’ म्हणजे आतडी. तो आजारपणाच्या रजेच्या फॉर्मसाठी राखून ठेवला. उरला ‘नर्व्ह’.

“हा चांगला आहे का?” टायपिस्टबाईंनी विचारलं.

“‘ही हॅज नर्व्ह’ म्हणजे छातीचा माणूस,” मास्तर म्हणाले. “आणि ‘ही हॅज द नर्व्ह टू’ म्हणजे याची ही हिंमत! पुढे काय केलं ते लिहायचं.”

“पण यांनी केलं काय? साहेबांना मरू दिलं नाही!”

यावर साडेतीन तास चर्चा झाली. शेवटी रकाना लहान आहे, हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं. ‘टू’पासून पुढचं सगळं गाळायचं, ‘द’ मात्र ठेवायचा, असं ठरलं.

बाईंनी कागद टाइप करून आणला. त्यात ‘द’ नव्हता.

“बाई, एक शब्द राहिला,” अधिकारी म्हणाले.

“तुम्ही घाला ना, साहेब. पेनाने. शेजारी छोटीशी सही करा.”

अधिकाऱ्यांनी पेन सासऱ्यांकडे सरकवलं. सासऱ्यांनी, आपण फक्त सल्लागार आहोत, असं सांगून ते माझ्याकडे सरकवलं. टायपिस्टबाई माझ्याकडे बघत होत्या. मी खिडकीकडे बघितलं आणि ‘द’ घातला. (माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळेच म्हणतात.)

कागद द्यायला मीच गेलो. मिस्त्री नवा दोर बसवत होते. हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्यांनी मलाच वाचायला सांगितलं. मी वाचलं.

“म्हणजे काय हो, भाऊसाहेब?”

“तुमच्या हिमतीबद्दल आहे.”

“अस्सं?” ते हसले. “मग नीट घडी घालून खिशात ठेवा. आईला दाखवतो.”

मी नीट घडी घातली. शुक्रवारपासून ते येत नाहीत. सोमवारी माझाही रकाना भरला गेला. त्याला समिती लागली नाही. ‘कोऑपरेटिव्ह’ म्हणजे सगळं दिसत असूनही मध्ये न बोलणारा. आपणही इथपर्यंत वाचताना मला एका शब्दाने अडवलं नाहीत; तेव्हा आपलं नाव आणि हुद्दा तेवढा कळवावा, बाकीचा फॉर्म मी भरून ठेवला आहे.