मातीचे चार प्रकार आणि उरलेली

माती हा सकल सजीव सृष्टीचा आधार आहे आणि मातीचा आधार आमचं मृदा वर्गीकरण कार्यालय आहे. ते दुसऱ्या मजल्यावर आहे, त्यामुळे कामात मातीचा व्यत्यय येत नाही.

माती चार प्रकारची असते : काळी, तांबडी, रेताड आणि गाळाची. (चिकणमातीही होती, पण छपाईत फॉर्मचा कागद संपला.) गेल्या वर्षी आम्ही ४१२ नमुने तपासले. ४११ निकाली निघाले. एक शिपायाच्या चपलेला लागून घरी गेला.

अशा सुरळीत कारभारात एके दिवशी मडकीवाल्या काकू आल्या. तळ्याकाठची माती प्रमाणपत्राशिवाय खणायची नाही, असा नियम नुकताच निघाला होता. महिनाभर त्यांचं चाक बंद होतं. सुनेने त्यावर धुणं वाळत घातलं होतं.

काकूंनी साहेबांच्या टेबलावर करडा, चिकट गोळा ठेवला. चिमूटभर घेऊन वळी केली आणि बोटाला अंगठीसारखी गुंडाळली.

"तुटली नाही, बघा. चिकण आहे. रेताड असती तर भुगा झाला असता."

"काकू, आम्ही बोटांवर चालत नाही," साहेब म्हणाले. "फॉर्मवर चालतो."

काकू आठ दिवसांनी पुन्हा आल्या. घरातल्या शेवटच्या मातीचा त्यांनी पेला करून, भाजून आणला होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"आता तरी माती म्हणा."

"हा पेला आहे. भांड्यांचा विभाग वरच्या मजल्यावर."

काकू खुर्चीत बसून राहिल्या, पाच वाजेपर्यंत. शिपायाला कुलूप लावायचं होतं. शेवटी साहेबांनी फॉर्मवरचे मातीचे चारही चौकोन फुल्या मारून खोडले आणि शेरा लिहिला : 'सदर पदार्थ माती नाही.' सही, शिक्का.

काकूंनी कागद दोनदा वाचला.

"म्हणजे मातीचा नियम हिला लागू नाही?"

साहेबांनी नियम काढून पाहिला. नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काकू दिवसाउजेडी, कागद पदराला बांधून, हवं तेवढं खणू लागल्या. सुनेला धुण्यासाठी दोरी घ्यावी लागली. आमच्या कार्यालयानेही चहाचे तीस पेले घेतले. ते कशाचे आहेत, याची नोंद अर्थातच कुठे नाही.

तुम्हाला हसू येत असेल. खुशाल हसा. पण आत्ता तुमच्या पायाखाली कोणती माती आहे, असं कुणी विचारलं, तर तुम्ही खाली बघाल आणि फरशीचा रंग सांगाल. वर दुकानाचा पत्ताही.